माळावरचे तीस कान : खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची वाटचाल

नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागले की द्राक्षबागा आणि टोमॅटोचे मांडव यांच्यामधून एक प्रचंड जाळीदार डिश डोके वर काढते. थोडे पुढे गेले की दुसरी दिसते, मग तिसरी. जाळी इतकी विरळ आहे की तिच्यातून पलीकडचा डोंगर दिसतो. निरीक्षण चालू असले की साऱ्या डिश आकाशातल्या एकाच बिंदूकडे तोंड करून उभ्या असतात आणि तो बिंदू सरकेल तशा कुणाच्या लक्षात येणार नाही इतक्या सावकाश वळत राहतात. जगाला ही वेधशाळा जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप म्हणून माहीत आहे. आपण तिला जीएमआरटी म्हणतो, आणि पंचक्रोशीत ती नुसती ‘दुर्बीण’ आहे.

४ ऑक्टोबर २००१ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेचे अध्यक्ष रतन टाटा यांच्या हस्ते ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांना अर्पण करण्यात आली. या घटनेला पंचवीस वर्षे होत असताना तिची कहाणी पुन्हा एकदा सलग सांगायला हवी. ही कहाणी थोड्या पैशांत मोठे काम करून दाखवणाऱ्या माणसांची आहे, तशीच एका तालुक्याने जपलेल्या शांततेचीही आहे.

मुळे : कल्याण आणि उटी

या दुर्बिणीची कल्पना साकारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांचा जन्म १९२९ साली उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा येथे झाला. १९५३ ते १९५५ या काळात ते ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथे काम करत होते. तेथे सूर्याच्या निरीक्षणासाठी उभारलेल्या ३२ छोट्या डिश होत्या. प्रत्येकीचा व्यास ६ फूट. या डिशचे तिथले काम संपत आले, तेव्हा त्या भारताला द्याव्यात अशी विनंती स्वरूप यांनी केली आणि ती मान्य झाली. डिश दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आल्या, पण वापराविना पडून राहिल्या.

स्वरूप पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि १९६१ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी त्यांनी टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन या तीन सहकाऱ्यांसह काही भारतीय संस्थांना एक पत्र लिहिले. आम्ही मायदेशी परतून रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारायला तयार आहोत, असा त्याचा आशय होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. होमी भाभा यांनी जानेवारी १९६२ मध्ये तारेने होकार कळवला. १९६३ साली स्वरूप मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

पडून राहिलेल्या त्या ३२ डिश आता कामी आल्या. १९६५ साली कल्याणजवळ त्यांची मांडणी झाली : २४ पूर्व-पश्चिम ओळीत, ८ दक्षिणोत्तर ओळीत. अनेक डिश एकत्र जोडून चालवलेली ही देशातील पहिली रेडिओ दुर्बीण. आज खोडदला जे तंत्र चालते, त्याचा पहिला धडा महाराष्ट्राच्या मातीत कल्याणला गिरवला गेला.

१९७० साली निलगिरीत उटीजवळ दुसरी दुर्बीण उभी राहिली. ती ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. जागेचा अक्षांश सुमारे ११ अंश, म्हणून तेवढ्याच उताराची टेकडी शोधून दुर्बीण त्या उतारावर दक्षिणोत्तर ठेवली. त्यामुळे तिचा लांब आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि केवळ या एका आसाभोवती फिरवून उगवत्या ताऱ्याचा मावळेपर्यंत पाठलाग करता येऊ लागला. महागड्या यंत्रणेचे काम टेकडीने केले. विचार करण्याची ही रीतच पुढे जीएमआरटीच्या कामी आली.

दोरांवर ताणलेली जाळी

उटीनंतर विषुववृत्तावर, केनियात किंवा इंडोनेशियात, दोन किलोमीटर लांबीची दुर्बीण उभारण्याची योजना स्वरूप यांनी मांडली. ती प्रत्यक्षात आली नाही. १९८४ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने विचार सुरू केला. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत २७ डिशची प्रसिद्ध दुर्बीण तेव्हा कार्यरत झाली होती, पण तिचा भर सेंटिमीटर लांबीच्या तरंगांवर होता. मीटर लांबीच्या तरंगांचे आकाश जवळजवळ मोकळेच पडले होते. प्रगत देशांत या पट्ट्यात माणसाने निर्माण केलेला गोंगाट फार होता. भारतात तो कमी होता. म्हणजे आपल्याकडची एक उणीवच इथे आपले भांडवल ठरणार होती.

अडचण खर्चाची होती. ४५ मीटर व्यासाची डिश म्हणजे पंधरा मजली इमारतीएवढी वस्तू. ती भरीव पत्र्याची केली तर वजन वाढते, शिवाय वारा तिला शिडासारखा ढकलतो. मग तिला पेलण्यासाठी पोलाद वाढवावे लागते, आणि त्या पोलादाला फिरवण्यासाठी यंत्रे. उत्तर तरंगांच्या लांबीतच दडलेले होते. तरंग मीटरभर किंवा काही डेसिमीटर लांब असेल, तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची भोके त्याला जाणवत नाहीत. जाळी त्याला आरशासारखीच असते.

म्हणून पोलादी नळ्यांच्या १६ अन्वस्ताकार चौकटी केल्या, त्यांच्यामध्ये स्टेनलेस स्टीलचे दोर ताणले आणि त्या दोरांवर अवघ्या ०.५५ मिलिमीटर जाडीच्या तारेची जाळी बांधली. मध्यभागी जाळीचे घर १० मिलिमीटरचे, त्याबाहेर १५ चे आणि कडेला २० चे. वारा या जाळीतून निघून जातो, तरंग मात्र परतून केंद्राशी जमतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, ही गोष्टही हिशेबात धरली होती. बर्फाच्या ओझ्याखाली अशी जाळी टिकली नसती. अशा तीस डिशचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ४८ हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बारा एकर भरते.

१९८७ साली प्रकल्पाला मंजुरी मिळाली आणि नव्वदच्या दशकात काँक्रीटच्या मनोऱ्यांवर एकेक डिश चढू लागली. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे एनसीआरए, उभे राहिले. त्याच आवारात १९८८ साली डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली आयुका स्थापन झाली होती. आकाशाचा अभ्यास करणाऱ्या दोन संस्था अशा शेजारी आल्या.

खोडदच का?

जागेच्या निवडीमागे अनेक कारणे होती. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर असल्याने शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांना ये-जा शक्य होती, तरी शहराचा रेडिओ-गोंगाट पुरेसा दूर होता. भोवतालचे डोंगर त्या गोंगाटाला आणखी अडवतात. वाऱ्याचा जोर बेताचा आहे. अक्षांश १९ असल्याने उत्तरेच्या आकाशाबरोबर दक्षिणेचाही मोठा भाग क्षितिजावर येतो. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तापासून ही जागा पुरेशी उत्तरेला आहे, त्यामुळे डोक्यावरचे आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित थर, तुलनेने कमी खवळते.

तीसपैकी १४ अँटेना खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात विखुरल्या आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरल्या आहेत. प्रत्येक बाहू सुमारे १४ किलोमीटरचा. वेधशाळेत या अँटेनांना नावांनीच ओळखतात : मध्यभागातल्या सी, पूर्वेच्या ई, पश्चिमेच्या डब्ल्यू आणि दक्षिणेच्या एस. सर्वांत लांबच्या दोन अँटेनांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. जुन्नर तालुक्याची शिवारे आणि वस्त्या या पसाऱ्याच्या मधोमध आहेत. दुर्बीण गावांपासून वेगळी नाही, ती गावांमध्येच राहते.

चित्र कसे तयार होते

शाळेच्या सहलीबरोबर आलेली मुले हमखास विचारतात : कुठून डोळा लावून बघायचे? डोळा लावायला येथे जागाच नाही. प्रत्येक अँटेना फक्त एक क्षीण, थरथरती विद्युतलहर टिपते. त्यातून दूरच्या दीर्घिकेचे चित्र कसे निघते, हे या संस्थेच्या कामाचे मर्म आहे.

दुर्बिणीला किती बारीक दिसेल, हे तिचा व्यास आणि तरंगाची लांबी यांच्या गुणोत्तरावर ठरते. प्रकाशाचे तरंग मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, रेडिओचे लाखो पटींनी मोठे. म्हणून ४५ मीटरची एकटी डिश २१ सेंटिमीटरच्या तरंगावर पौर्णिमेच्या चंद्राएवढ्या आकाराहून फारसे बारीक काही वेगळे करू शकत नाही. अख्खी दीर्घिका तिला एक ठिपका. बारीक पाहायचे तर कित्येक किलोमीटर व्यासाची डिश हवी, आणि ती बांधणे अशक्य. केंब्रिजच्या मार्टिन राईल यांनी दाखवून दिले की मोठ्या डिशच्या जागी लहान डिश दूर दूर ठेवून, त्यांचे संदेश गणिताने जोडून तीच तीक्ष्णता मिळवता येते. या कामासाठी त्यांना १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन अँटेना घ्या. दूरच्या दीर्घिकेकडून आलेला तरंग एकीकडे आधी पोहोचतो, दुसरीकडे किंचित उशिरा. २५ किलोमीटर अंतर असेल तर हा उशीर ८३ मायक्रोसेकंदांपर्यंत जाऊ शकतो. पालखीच्या दिंडीत पुढच्या आणि मागच्या टाळकऱ्यांचा ठेका एक असतो, पण कडेला उभ्या असलेल्याला मागच्यांचा टाळ जरा मागाहून ऐकू येतो. ठेका जुळवून ऐकायचा तर पुढच्यांचा आवाज तेवढाच मागे सरकवायला हवा. सर्व अँटेनांचे संदेश प्रकाशीय तंतूंमधून खोडदच्या मध्यवर्ती इमारतीत येतात, आणि तिथली संगणकयंत्रणा प्रत्येक संदेशाला नेमका तेवढा विलंब देऊन त्यांचा ठेका जुळवते. दीर्घिका आकाशात सरकत असल्याने हा विलंब क्षणोक्षणी बदलावा लागतो.

मग दोन-दोन संदेशांचा गुणाकार होतो. दोन्हीकडे समान असलेला अंश, म्हणजे दीर्घिकेचा संदेश, टिकून राहतो. प्रत्येक अँटेनाच्या विद्युतयंत्रणेची स्वतःची खरखर वेगवेगळी असल्याने सरासरीत विरत जाते. तीस अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात. जवळच्या जोडीला दीर्घिकेचा ढोबळ पसारा कळतो, दूरच्या जोडीला तिच्यातली बारीक नक्षी. एक जोडी एका क्षणी संपूर्ण चित्राबद्दल गणिती माहितीचा एकच ठिपका देते.

इथे पृथ्वी मदतीला येते. ती फिरत असते, त्यामुळे दीर्घिकेकडून पाहिले तर खोडदच्या अँटेनांची परस्परांतली अंतरे आणि दिशा सतत बदलताना दिसतात. आठ-दहा तास एकाच जागी रोख ठेवला की प्रत्येक जोडी एकेक ठिपका न देता ठिपक्यांची वक्र रेघ काढून जाते. दारात ठिपक्यांची रांगोळी घालताना आधी ठिपके, मग आकृती. इथेही तसेच. पुरेसे ठिपके जमले की फूर्ये या फ्रेंच गणितज्ञाच्या पद्धतीने त्या साऱ्यांमधून आकाशाचा तो तुकडा उलगडतो.

पण हे पहिले चित्र मळकट असते. ठिपक्यांमध्ये राहिलेल्या रिकाम्या जागांमुळे प्रत्येक तेजस्वी स्रोताभोवती खोटी वलये आणि रेघा उमटतात. १९७४ साली यान होगबोम यांनी सुचवलेल्या पद्धतीने ती एकेक करून वजा केली जातात. त्याशिवाय आयनांबराचा त्रास असतोच. विहिरीच्या तळाशी पडलेले नाणे पाणी हलले की थरथरते, तसे आयनांबर लांब तरंगांना हलवते. म्हणून निरीक्षणाच्या मध्ये मध्ये दुर्बीण ३सी ४८ किंवा ३सी २८६ अशा ज्ञात आणि स्थिर स्रोतांकडे वळवली जाते आणि तिथली चूक मोजून आपल्या मापांतून वजा केली जाते. पुढे दीर्घिकेच्याच माहितीतून ही दुरुस्ती पुन्हा पुन्हा घडवली जाते. तासन्‌तास निरीक्षण आणि त्यानंतर कित्येक दिवसांचे संगणकावरचे काम, एवढ्या कष्टानंतर चित्र स्वच्छ होते. मग २१ सेंटिमीटरच्या तरंगावर ही दुर्बीण दोन विकलांपर्यंतचे बारकावे वेगळे करते. अडीच सेंटिमीटरचे नाणे अडीच किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढा हा कोन.

पंचवीस वर्षांची मिळकत

दुर्बीण खुली झाल्यापासून वर्षातून दोनदा निरीक्षणाचे हंगाम ठरतात आणि जगभरचे शास्त्रज्ञ वेळ मागतात. कोणत्या देशातून अर्ज आला यापेक्षा कल्पना किती सकस आहे, हे पाहून वेळ दिला जातो.

विश्वातल्या हायड्रोजनचा शोध हे दुर्बिणीच्या स्थापनेमागचे एक मोठे उद्दिष्ट होते. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटरचा तरंग सोडतो. दीर्घिका जितकी दूर, तितका विश्वाच्या प्रसरणाने तो ताणला जातो आणि नेमका जीएमआरटीच्या पट्ट्यात येऊन पडतो. हा संदेश इतका क्षीण असतो की एकट्या दूरच्या दीर्घिकेतून तो सहसा हाती लागत नाही. एनसीआरए आणि रामन संशोधन संस्था येथील शास्त्रज्ञांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र रचून सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला. तो शोधनिबंध २०२० साली ‘नेचर’मध्ये आला. तारे घडवण्याचा त्या दीर्घिकांचा वेग पाहता त्यांच्याजवळचा वायू एक-दोन अब्ज वर्षांतच संपणार होता, आणि विश्वात तारे जन्मण्याचा वेग पुढे का मंदावला याचा उलगडा त्यातून झाला. अरनब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी नंतर ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला एकाच दीर्घिकेतला हायड्रोजनचा संदेश टिपला. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून तो सुमारे तीस पटींनी मोठा केला होता.

१५० मेगाहर्ट्झवर या दुर्बिणीने पृथ्वीवरून दिसू शकणाऱ्या आकाशाच्या नव्वद टक्के भागाची पाहणी केली, आणि त्यातून सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी सर्वांसाठी खुली झाली. भुजंगधारी तारकासमूहातील दीर्घिकांच्या एका समूहात कृष्णविवराने घडवलेल्या प्रचंड स्फोटाची खूण २०२० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा वायूत पडलेली पोकळी क्ष-किरणांनी दाखवली आणि ती रेडिओ तरंगांनी भरलेली आहे हे जीएमआरटीच्या चित्रांनी दाखवण्यास हातभार लावला. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापारेली यान मंगळाच्या पृष्ठभागाकडे उतरत असताना त्याचा अत्यंत क्षीण संदेश खोडदमध्ये थेट ऐकला जात होता. ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, म्हणजे स्पंदकांच्या, अचूक ठोक्यांवरून गुरुत्वीय तरंगांचा मागोवा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नात भारतीय गटाने याच दुर्बिणीची निरीक्षणे दिली, आणि जून २०२३ मध्ये त्या तरंगांचे पुरावे जगासमोर आले.

मधल्या काळात दुर्बिणीचे अंतरंगही बदलले. डिश त्याच राहिल्या, पण ग्रहण करणारी यंत्रे, तंतूंचे जाळे आणि संगणक नवे आले. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा टिपता येई, आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंत टिपता येतो. हे नूतनीकरण २०१९ पर्यंत पूर्ण झाले आणि ती या पट्ट्यातील जगातील आघाडीच्या दुर्बिणींपैकी एक ठरली. २०२० साली तिला ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने ‘माइलस्टोन’चा मान दिला. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला डॉ. गोविंद स्वरूप पुण्यात निवर्तले. त्यांनी घडवलेली पिढी दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे प्रकल्पात आज महत्त्वाचा वाटा उचलत आहे. त्या दुर्बिणींच्या नियंत्रणाच्या संगणकप्रणालीत एनसीआरएचे मोठे योगदान आहे.

आपली शांतता

रेडिओ खगोलशास्त्रात स्रोताची तीव्रता जान्स्की या एककात मोजतात. दर चौरस मीटरवर, दर हर्ट्झला, एका वॅटचा ‘एकावर सव्वीस शून्ये’ इतका सूक्ष्म भाग म्हणजे एक जान्स्की. जीएमआरटी त्याच्याही लक्षांशापर्यंत पोहोचते. चंद्रावर ठेवलेला एखादा मोबाइल तिच्या पट्ट्यात बोलू लागला, तर तो तिला आकाशातल्या ठळक स्रोतांसारखा तळपताना दिसेल. मग शेजारच्या वस्तीतला टीव्हीचा बूस्टर किंवा वीजवाहक तारेवर उडणारी ठिणगी काय करत असेल, याची कल्पना यावी. या कारणानेच दुर्बिणीच्या आवारात पाहुण्यांना मोबाइल बंद करायला सांगितले जाते, आणि पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीतही दुर्बिणीच्या सुरक्षिततेचा विचार करावा लागला.

तालुक्याला विकास हवा आहे आणि तो हक्काचा आहे. दुर्बीणही याच तालुक्याची आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला शाळकरी मुलांची प्रदर्शने भरतात आणि गावोगावहून हजारो माणसे येतात. त्यांतली मुले घरी जाऊन आपल्या आईवडिलांना सांगतात की आपल्या शिवारातल्या डिशने आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला. ही ओळख कुठल्याही फलकापेक्षा मोलाची आहे.

पोलाद, दोर आणि संगणक पैशाने पुन्हा उभारता येतील. एकदा गमावलेली रेडिओ-शांतता मात्र परत आणता येत नाही. म्हणून या पंचविसाव्या वर्षी सर्वांना एकच विनंती आहे : दुर्बिणीच्या परिसरात नवा टॉवर, नवा कारखाना किंवा नवे यंत्र येण्याआधी वेधशाळेला विचारा. तिथली माणसे मार्ग सुचवतात, आणि बहुतेक वेळा तो सापडतो. जुन्नरच्या माळाने जपलेली ही शांतता पुढच्या पिढीच्या हाती आहे तशी सोपवू या.